डावा हात पोत्याच्या आत

पोतं तीन जागी फाटतं. तोंडाशी, कोपऱ्यांना आणि पोटात. तोंड शिवून-उसवून फाटतं, कोपरे ओढून ओढून झिजतात आणि पोटात हमालाचा आकडा घुसतो. या तीन जागांना ठिगळ लावायचं, एवढंच माझं काम. शिरूरच्या मार्केट यार्डात बारदानाचं, म्हणजे जुन्या पोत्यांचं, एक दुकान आहे. त्याच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं मी बसते. दुकानदारांना यार्डात सगळे आबा म्हणतात, ते किराणावाल्यांकडून रिकामी पोती गोळा करून आणतात. त्यातली धड असतात ती सरळ विकली जातात, फाटकी माझ्यापुढं येतात. मी शिवली की ती कांदा भरायला जातात.

मी कुणाची नोकर नाही. दाभण माझं, सुतळी माझी, अंगाखाली घ्यायचं तरट माझं. जेवढी पोती शिवीन तेवढे पैसे माझे. यायची वेळ ठरलेली नाही, जायची नाही. सुरुवातीला मला याचं फार अप्रूप वाटायचं. माझे मालक, मुलीचे वडील, वारले तेव्हा मुलगी सातवीत होती आणि मी कधी घराबाहेर काम केलं नव्हतं. माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हाही गुरुजींनी उभं केलं की मी फ्रॉकचं टोक तोंडात घालून उभी राहायचे. विहारात वाचनाला बसते तीही भिंतीकडेला. अशा बाईला कुणाशी बोलावं लागत नाही असं काम मिळालं, यापेक्षा आणखी काय हवं होतं?

शेडमध्ये माझ्या आधीपासून एक म्हातारी बसायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिनं मला शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं एक पोतं उचललं, आतली बाजू बाहेर केली, झटकलं आणि सरळ डोक्यावरून खाली ओढून घेतलं. कमरेपर्यंत पोतं आणि खाली लुगडं. मला हसू आलं, पण मी हसले नाही.

"उन्हाकडं तोंड करायचं," ती आतून बोलली. "जिथनं ऊन येतं तिथं भोक. बाहेरनं बघत बसलीस तर निम्मी भोकं सुटत्यात."

मग तिनं पोतं काढलं, मांडीवर घेतलं आणि डावा हात कोपरापर्यंत आत घातला. "डावा हात आत, उजवा भाईर. दाभणाचं टोक आतल्या बोटाला लागलं पायजे. बोटाला लागलं न्हाई तर टाका कुठं गेला कुणाला ठाऊक."

मी डोक्यावर पोतं घेतलं तेव्हा आधी जीव घाबरला. मग वास आला. तागाचा वास आणि त्याच्या खाली दुसरा, आधी त्यात जे भरलं होतं त्याचा. हळदीचं पोतं असेल तर ऊन पिवळं दिसायचं. तूरडाळीच्या पोत्याला गोडसर, तेलकट वास असतो. गुळाचं पोतं तर मुंग्यांसकट यायचं. अक्का न चुकता ओळखायची. माझी मुलगी शाळा सुटली की शेडमध्ये यायची, ती पण दप्तर टाकून डोकं आत घालायची आणि ओरडायची, "जिरं!" अक्का म्हणायची, "जिरं न्हाई गं बये, बडीशोप हाय. नाक पूस आन् परत बघ."

आम्ही तिघी पुष्कळ वर्षं अशा बसलो. कंटाळा हा शब्द तेव्हा माझ्या तोंडी नव्हता.

मग अक्काच्या डोळ्यांना दिसेना झालं आणि तिचा मुलगा तिला गावाकडं घेऊन गेला. तिचं दाभण तिनं माझ्या हातात दिलं. मुलगी मोठी झाली, तिचं दौंडला लग्न झालं. शेडमध्ये मी एकटी राहिले. एके दिवशी मी पोतं डोक्यावर घेऊन उभी होते, तेवढ्यात गाडी भरायला आलेल्या हमालांपैकी एक म्हणाला, "मावशी, कुणापासनं लपताय?" बाकीचे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या कानापर्यंत ऊन ऊन झालं. दोघी होतो तोवर ते काम होतं, एकटीनं केलं की ती गंमत झाली. त्या दिवसापासून मी पोतं डोक्यावर घ्यायचं सोडलं.

हात आत घालायचंही हळूहळू सुटलं. तागाच्या कुसानं कोपरापर्यंत पुरळ यायचं, ते एक कारण. आणि पोतं जमिनीवर पसरून वरच्या वर शिवलं की पटापट होतं हे माझ्या ध्यानात आलं. कुणी विचारणारं नव्हतं. स्वतःच्या कामात हेच असतं, चांगली सवय सोडली तरी कुणी हटकत नाही.

कंटाळा त्यानंतर आला. मला तेव्हा वाटलं वयामुळं आला, एकटेपणामुळं आला. ढीग बघितला की अंगातलं बळ जायचं. सकाळी भाकरी बांधायची, चप्पल घालायची आणि उंबऱ्यात उभं राहायचं. नोकरीवाल्याला निदान साहेबाची भीती असते. मी नाही गेले तर रागावणार कोण? मीच. आणि मी माझ्यावर फार रागवत नाही असं माझ्या ध्यानात आलं होतं.

मी उपाय केले. ढीग पाठीमागं ठेवून बसले, म्हणजे दिसणार नाही. तर पाठीला तो दिसायला लागला. आधी सगळे कोपरे, मग सगळी पोटं, अशी वाटणी केली. अर्धा ढीग संपेपर्यंत चहा प्यायचा नाही असं ठरवलं, आणि चौथ्या पोत्यालाच चहा पिऊन आले. जावयांना मुलीनं सांगितलं असावं. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. एक गृहस्थ कोट घालून सांगत होते, पहाटे उठा, आरशात बघा आणि स्वतःला म्हणा, मी करू शकते. मी म्हणून बघितलं. करू तर मी शकतच होते, अकरा वर्षं करतच होते. करावंसं वाटत नव्हतं त्याचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी शेवटी मी जागी राहून झोपायला शिकले. हात चालायचे, मी नसायचे.

उन्हाळी कांदा भरात होता तेव्हाची गोष्ट. दुकानासमोरच एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीतला कांदा भरायचं चाललं होतं. मी पाणी प्यायला पुढं आले होते. दोघा हमालांनी पोत्याचं तोंड धरलं, तिसऱ्यानं पाटी ओतली. पोतं मी शिवलेलं होतं, माझं ठिगळ मला लांबून ओळखू येतं.

"आरं, ह्यो कांदा मधनं जाईना खाली."

"हलव की जरा."

त्यांनी हलवलं. कांदा खाली गेला, पण डावीकडून थोडा आणि उजवीकडून थोडा. मधली जागा तशीच चिकटलेली. पोत्याला दोन पाय फुटल्यासारखं झालं. तोंड धरणाऱ्या हमालानं वाकून बघितलं. पूर्वी मला कुणापासनं लपताय म्हणून विचारणारा तोच.

"मावशी," तो म्हणाला, "हे पोतं न्हाई, इजार हाय. नाडी तेवढी घालायची ऱ्हायली."

"आबांना मापाला दे," दुसरा म्हणाला.

मी पोतं पसरून शिवताना दाभण खालच्या पदरातून गेलं होतं. दोन्ही पदर एकत्र शिवले गेले होते आणि मला कळलंही नव्हतं. डावा हात आत असता तर असं झालंच नसतं. एकानं चिडून ते हिसका देऊन ओढलं. ठिगळासकट ताग टरकला आणि कांदे कोब्यावर सगळीकडं पळाले. शेतकरी खाली बसून गोळा करायला लागला. त्याचं ते गोळा करणं मला सगळ्यात जास्त लागलं. मग शोधाशोध झाली तेव्हा तशी आणखी पाच पोती निघाली.

आबा म्हातारे आहेत. ते शेडमध्ये आले, पाचही पोती माझ्यासमोर ठेवली आणि उकिडवे बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, अकरा वर्षांत तुमचं एक पोतं परत आलं न्हाई," ते म्हणाले. "कामाला मी नावं ठेवत न्हाई. पर मन न्हाई ऱ्हायलं तुमचं. मला दिसतंय कवाधरनं."

मी दाभणातली सुतळी ओढून काढली.

"नगरला आता मशीनवर शिवत्यात. मी गठ्ठे तिकडं धाडू शकतो. पर तुम्ही हाय म्हणून धाडत न्हाई. चार दिवस लेकीकडं जाऊन या. आलात तर जागा तुमची हाय. न्हाई आलात तर मी समजून घीन."

मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. तोंडातून "व्हय आबा" एवढंच निघालं. दाभण मी शेडच्या पत्र्याच्या फटीत खोवलं, जिथं रोज खोवते तिथं. ती पाच पोती मात्र घडी घालून पिशवीत भरली. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती तिथं ठेवून जायची लाज वाटली.

चौफुल्याला एसटी बदलून दौंडला पोचले. मुलगी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते. तिनं पिशवी उघडली आणि कमरेवर हात ठेवले.

"लेकीकडं येताना लोक खाऊ आणत्यात. तू पोती आणलीस?"

मी तिला त्या दिवशी काही सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं, कारण तिनं खिडकीजवळची कॉट माझ्यासाठी रिकामी केली, वर नवी चादर टाकली आणि म्हणाली, "आता हितंच ऱ्हायचं. आम्ही दोघं, घर मोठं हाय, तुला काय जड न्हाई."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मनातून मी तेच ऐकायला गेले होते. दोन दिवस झोपले, गरम जेवले, खिडकीतून गाड्यांचे आवाज ऐकले. तिसऱ्या दिवशी मी डाळ निवडायला घेतली आणि मुलगी म्हणाली, "आई, ही डाळ तू सकाळपासनं तिसऱ्यांदा निवडतीयास." हाताला काहीतरी हवं होतं. पण परत शेडमध्ये जावं असं मात्र वाटत नव्हतं. तो ढीग डोळ्यासमोर आला की मी परत डाळीचं ताट ओढायचे.

हाताला काम म्हणून मी दुपारी ती पोती घेऊन पायरीवर बसले आणि चुकीचे टाके उसवायला लागले. तेवढ्यात जावई ड्युटीवरून आले. ते रूळ तपासायच्या कामावर आहेत. रोज ठरलेल्या अंतराचा रूळ पायी चालायचा, सैल झालेलं काही दिसलं की घट्ट करायचं. त्यांनी खांद्यावरचा पाना आणि हातोडा भिंतीला टेकवला, हातपाय धुतले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. एक पोतं ओढून घेऊन तेही उसवायला लागले. त्यांच्याशी मी कधी सलग दोन वाक्यं बोलले नव्हते. पण दोघांच्या नजरा पोत्यात होत्या, म्हणून जमलं.

"तुम्हाला कंटाळा येत न्हाई का?" मी विचारलं. "रोज त्योच रूळ."

"त्योच रूळ, त्योच पूल, तीच बाभूळ," ते म्हणाले. "येतो की मामी. न यायला काय झालं?"

"मग काय करता?"

"काय न्हाई. चालतो." त्यांनी एक टाका ओढून काढला. "आमची पद्धत हाय, जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. एकदा मी लई शाना झालो. म्हटलं, मधनं चालू, दोन्हीकडं नजर टाकू, जातानाच उरकंल. गेलो मधनं. टोकाला पोचलो आन् मनाला इचारलं, काय बघितलंस? आठवंना. सगळा रस्ता चाललो, पर दिसलं काहीच न्हाई."

"मग?"

"मग काय, आलो एक रूळ बघत, परत गेलो दुसरा बघत, परत आलो घरी. बायकोचा भात गार झाला, बोलणी खाल्ली." ते हसले. "पर तवा एक कळलं मामी. मधनं चालताना कंटाळा जास्ती येतो. एकाच रुळाकडं बघत चाललं तर काय ना काय दिसतंच. कुठं मुंगूस, कुठं नवीन खडी."

ते म्हणाले, "तुमचं बरं हाय, वर साहेब न्हाई."

"म्हणून तर," मी म्हणाले.

त्यांना ते कळलं की नाही माहीत नाही. ते चहाला आत गेले. मी पाचवं पोतं घेतलं. ठिगळ दोन्ही पदरांना घट्ट बसलं होतं, वरून टाका सापडेना. म्हणून डावा हात आत घातला. किती दिवसांनी घातला असेल? बोटांना आतला ताग लागला, खरखरीत आणि थोडा कोमट. कोपऱ्याच्या शिवणीत काहीतरी टोचलं. काढून बघितलं तर धण्याचा एक दाणा.

मुलगी बाहेर आली. माझ्या तळहातावरचा दाणा तिनं बघितला, मग पोतं बघितलं. आणि एवढी संसारी बाई, अंगणात उभी राहून तिनं ते पोतं डोक्यावरून ओढून घेतलं.

"धणे," ती आतून म्हणाली. मग थोडी थांबून, "पर त्याच्या आदी दुसरं काहीतरी हाय गं. मिरची हाय का?" आणि ती शिंकायला लागली. मी इतकी हसले की शेजारीण दारात आली.

त्या संध्याकाळी मला माझंच कळलं. कंटाळा आला म्हणून मी वरच्या वर शिवायला लागले असं मी धरून चालले होते. खरं तर उलटं झालं होतं. वरच्या वर शिवायला लागले, मग कंटाळा आला. अक्काची पद्धत मी हळू म्हणून सोडली, लाजेनं सोडली, आणि त्या पद्धतीबरोबर कामातलं जे काही होतं ते सगळं सोडलं. उरले ते नुसते टाके. नुसत्या टाक्यांवर माणूस किती दिवस काढणार?

सकाळी मी मुलीला सांगितलं की जाते. तिचं तोंड उतरलं.

"तिथं काय ऱ्हायलंय गं तुझं?"

"दाभण हाय," मी म्हणाले.

ती रागानं आत गेली. भाकऱ्या बांधून घेऊन आली तेव्हा राग गेलेला होता. "मग रोज फोन करायचा," ती म्हणाली. "रोज सांगायचं, कशाचं पोतं निघालं ते. मला ओळखायला द्यायचं."

यार्डात पोचले तेव्हा आबा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होते. मला वाट बघवेना. वाट बघितली असती तर धीर गेला असता. मी मध्येच म्हणाले, "आबा, माझं चुकलं. हात आत घालत न्हवते मी. आता घालीन." एवढं एका दमात बोलले आणि शेडकडं चालू लागले. ते काय म्हणाले ते ऐकायला थांबले नाही.

दाभण जागेवर होतं. मी पहिलं पोतं उलटं केलं, झटकलं आणि उभी राहिले. समोर हमाल बसले होते, बिडी पीत. सगळे माझ्याकडं बघत होते असं मला वाटलं, कदाचित कुणीच बघत नसेल. मी डोळे मिटले आणि पोतं डोक्यावरून ओढून घेतलं.

मी एक विसरले होते. आतून मला कुणी दिसत नाही, आणि माझं तोंडही कुणाला दिसत नाही. लाजऱ्या माणसाला यापेक्षा चांगली जागा सगळ्या यार्डात नाही. ती जागा मी लाजेपोटीच सोडून दिली होती.

"मावशी आल्या काय?" त्याच हमालाचा आवाज आला. "आत काय दिसतंय मावशी?"

बाहेर असते तर खाली बघितलं असतं. आत होते म्हणून बोलले.

"तुमच्या आकड्याची भोकं," मी म्हणाले. "सात हायत."

मग सगळे हसले, त्याच्यावर. तो म्हणाला, "आता ही बया बोलाया लागली, आपलं काय खरं न्हाई."

दुपारी आबा आले. शिवलेल्यातलं एक पोतं त्यांनी उचललं आणि हात आत घातला. मूठ वळून ती दोन्ही कोपऱ्यांपर्यंत फिरवली. कुठं अडली नाही. हात बाहेर काढून बाहीवरचं कुस झटकलं आणि आत जाऊन एक नवा गठ्ठा आणून माझ्यापुढं टाकला. धूळ उडाली. त्यांनी नगरचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

काम पूर्वीपेक्षा हळू होतं. कोपराला परत पुरळ आलंय, खोबरेल लावते. कंटाळा अजूनही येतो, जेवण झालं की हमखास. तो येऊन बसला की मी पुढच्या पोत्याला हात घालते आणि आधी वास घेते. कधी कळतं, कधी कळत नाही. संध्याकाळी मुलीला फोन करते. मी खुणा सांगते, रंग कसला, कुस कसं, आत काय चिकटलंय, आणि ती दौंडला बसून ओळखते. बहुतेक वेळा चुकते. जावई मागून ओरडतात, "तंबाखू!" त्यांना प्रत्येक पोतं तंबाखूचंच वाटतं.

काल मेथीदाण्याचं होतं, तिनं बरोबर ओळखलं. आजचं एक मलाच कळलेलं नाही. गोड आहे, पण गूळ नाही. अक्का इथं असती तर तिनं लगेच सांगितलं असतं. ते पोतं मी न शिवता बाजूला ठेवलंय. सकाळी नाक ताजं असतं, तेव्हा परत बघीन.